दोन्ही दिवे हिरवे

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते काही उगाच नाही. ताईंच्या पाठचा ब्रह्मराक्षस तर डोळ्यांना दिसायचा. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, काचेच्या दाराआड, गारठ्यात तो बारा महिने घरघरत उभा असायचा, आणि सगळे त्याला लाडाने थोरली म्हणायचे.

थोरली म्हणजे सर्व्हर. कपाटाएवढ्या लोखंडी चौकटीत बसवलेलं काळं, जड धूड. कुठल्या वॉर्डात, कुठल्या खाटेवर, कुणाला कुठलं औषध कधी दिलं, ते सगळं तिच्या पोटात. नर्सने इंजेक्शन दिलं की वॉर्डातल्या पडद्यावर ‘दिलं’ या शब्दावर बोट टेकवायचं, की ते थोरलीकडे पोचलं. पुढच्या पाळीची नर्स आली की तिने आधी पडदा बघायचा आणि मगच पेशंटला हात लावायचा.

ही शिस्त लावली ताईंनी. ताई म्हणजे कॉम्प्युटर विभागाच्या मुख्य. नाव-आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या ताईच. पूर्वी नर्सा पाळी बदलताना खाटेपाशी उभ्या राहून एकमेकींना तोंडी सांगायच्या. “यांना मघाशी दिलंय गं.” “कुठलं?” “ते नेहमीचं.” हे कानावर पडलं की ताईंना दरदरून घाम फुटायचा. नेहमीचं म्हणजे काय, आणि मघाशी म्हणजे कधी? मग त्यांनी प्रत्येक वॉर्डात पाटी लावून घेतली: तोंडी सांगू नका, पडद्यावर बघा. जुन्या नर्सांनी नाकं मुरडली, पण सवय लागली. इतकी लागली, की आता पाळी बदलताना हातात पिशवी आणि तोंडात घरच्या गप्पा, एवढंच असायचं.

मागच्या वर्षी एक दिवस थोरली अचानक गप्प झाली. बिघाड म्हणावा असा काही नव्हताच. कुणाच्या तरी पायाने एक वायर हलली, आणि अशा मशीनचा मूळचा नियम असा, की आजूबाजूच्या कुणाची ओ येईनाशी झाली की शहाण्यासारखं बंद पडायचं. भलतीसलती नोंद करण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, हा त्यामागचा विचार. विचार चांगला होता, पण सगळं हॉस्पिटल तासभर आठवणीवर चाललं. कुणाला काही झालं नाही, नशीब म्हणायचं. ताईंची मात्र त्या तासात पाचावर धारण बसली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. ताईंनी त्याच दिवशी थोरलीच्या आत शिरून एक सेटिंग केलं. कुणी ओ देवो न देवो, काहीही होवो, तू थांबायचं नाहीस. झालं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एकट्या मशीनला ते चालून जातं, आणि तेव्हा थोरली एकटीच होती.

आता ती एकटी राहणार नव्हती. हॉस्पिटलच्या साहेबांनी दुसरा सर्व्हर मागवला. एक पडला तर दुसऱ्याने त्याच क्षणी कारभार उचलायचा, अशी जोडी. नवं मशीन आलं, त्याचं बारसं आपोआप झालं: धाकटी. तिच्याबरोबर ती विकणाऱ्या कंपनीचा एक इंजिनिअर आला. चांगला चाळिशीला टेकलेला, कामात वाघ, पण आल्या आल्या पायावर पाय टाकून बसायचा आणि चहा आपोआप समोर येण्याची वाट बघायचा. चहा आला की म्हणायचा, “साखर जरा कमीच आहे, नाही?” दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर त्याचं नाव पडलं जावईबापू. त्यालाही ते कळलं आणि आवडलं.

“सोपं आहे ताई,” जावईबापूने पहिल्याच दिवशी समजावलं. “या दोघी सारख्या एकमेकींना हाक मारणार. आहेस का? आहे. आहेस का? आहे. समजा, हाक ऐकू येईना. मग दोघींनी साक्षीदाराला विचारायचं.” साक्षीदार म्हणजे शेजारच्या इमारतीत ठेवलेलं एक छोटंसं मशीन; त्याचं काम एवढंच, की दोघींपैकी एकीच्या बाजूने हात वर करायचा. “साक्षीदार जिच्या बाजूने, कारभार तिचा. दुसरीने मुकाट्याने बंद पडायचं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.”

“आणि राहिल्या तर?” ताईंनी विचारलं.

“राहतील कशा? त्यासाठी तर साक्षीदार. दोघी एकदम कारभारणी झाल्या, तर अर्धं हॉस्पिटल हिला सांगणार, अर्धं तिला. मग खरं कुणाचं, ते ब्रह्मदेवाला तरी कळेल का?”

तो हसला. ताईही हसल्या. पण त्यांचं ते सेटिंग आता काढायला हवं होतं, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. थोरलीला ‘थांबायचं नाहीस’ म्हणून बजावून ठेवलेलं. ती साक्षीदाराला विचारणारच नाही. पण काढायचं आणि परत एखादी वायर हलली तर? धाकटी कालची पोर. ती उभी राहील कशावरून? त्यांनी स्वतःची समजूत घातली: आधी धाकटीला पोहता येऊ दे, मग थोरलीच्या कमरेचा दोर सोडू. मग उद्या काढू म्हणाल्या, मग परवा. दोनदा त्या की-बोर्डपाशी बसल्या आणि दोन्ही वेळा उठून पाणी प्यायला गेल्या.

आणि त्यात आक्का पडली.

आक्का म्हणजे ताईंची थोरली बहीण. आई गेली तेव्हा आक्का पंधरा-सोळा वर्षांची होती आणि ताई फ्रॉकातल्या. तेव्हापासून आक्का हीच आई, आक्का हाच बाप. जन्मभर शिवणकाम केलं. अजूनही मशीन चालवायची. कापडाचा गठ्ठा काढायला स्टुलावर चढली, स्टूल सरकलं आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, ताईंच्याच हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावरच्या हाडांच्या वॉर्डात. पण आक्काला लहानपणापासून दमा. सर्जननी ताईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं: “दुखणं भयंकर असणार, म्हणून जोरकस इंजेक्शन लावलंय. सहा तासांनी एक. ते श्वास मंद करतं. एक त्यांना झेपतंय. पण या फुफ्फुसांवर दोन लागोपाठ पडली, तर त्या झोपतील आणि उठायच्या नाहीत. नर्सना ताकीद दिलेली आहेच.”

“पडद्यावर असतं ना सगळं,” ताई म्हणाल्या.

“असतं म्हणून तर निर्धास्त आहोत,” सर्जन म्हणाले.

जोडणीच्या दिवशी सकाळी ताई आधी वर गेल्या. आक्का उशीला टेकून बसली होती, चेहरा ओढलेला, पण जीभ शाबूत.

“काय गं बारके, तोंड का सुकलंय? हाड माझं मोडलंय.”

“काही नाही. आज ते दुसरं मशीन जोडायचंय.”

“जोड की. लग्न लावायचंय का त्याचं?” आक्का म्हणाली आणि कळ आली तसे तिने डोळे मिटले. कळ ओसरल्यावर म्हणाली, “घाबरलीयस तू.”

“छे.”

“मला सांगतेस? इस्पितळभर ताई, पण मला बारकीच.” तिने ताईंच्या गालाला बोट लावलं. “जा. दुपारी ये. हे इंजेक्शन दिलं की बरं वाटतं बघ, नुसतं ढगात गेल्यासारखं. तोवर मी कळ काढते.”

काम दुपारी ठेवलं होतं. रात्री नको, रात्री काही बिघडलं तर निस्तरायला माणसं नसतात, असं साहेब म्हणाले, आणि बरोबरच म्हणाले. दुपारची नेमकी वेळ ताईंनीच शोधली होती. थोरलीवर दिवसभर किती नोंदी येतात त्याचा आलेख पडद्यावर दिसायचा. जेवणं झाली की रेष खाली यायची, अगदी सपाट व्हायची, मग अर्ध्या तासाने पुन्हा चढायची. ताईंनी त्या सपाट जागेवर बोट ठेवलं. इथे सगळं शांत असतं, इथे करू. जावईबापूने मान डोलावली. ती शांतता कशाची, हे दोघांपैकी कुणीही वर जाऊन बघितलं नाही. त्या वेळी वरचं हॉस्पिटल शांत वगैरे काही नसायचं हो! त्या वेळी पाळी बदलायची. एकीचं आवरणं, दुसरीचं येणं, म्हणून नोंदी कमी. पण तळमजल्यावर बसणाऱ्या माणसाला रेष दिसते, माणसं दिसत नाहीत.

धाकटी जोडली गेली. थोरलीच्या पोटातलं सगळं सकाळपासून तिच्यात उतरत होतं, ते पूर्ण झालं. जावईबापूने आपल्या लॅपटॉपवरून एकेक मुद्दा विचारायला सुरुवात केली.

“वेळ दोघींची सारखी?”

“सारखी.”

“साक्षीदार ओ देतोय?”

“देतोय.”

“थोरलीवर एकटीच्या काळातलं काही राहिलंय का? काहीही झालं तरी चालू राहा, असलं काही?”

ताईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. “काढलंय,” त्या म्हणाल्या.

शब्द इतक्या सहज बाहेर पडला, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. आता लगेच म्हणावं, थांबा हो, राहिलंय एक. पण म्हणायचं म्हणजे वर्षभर लपवलं तेही आलं. शिवाय साहेब दारात येऊन गेले होते, चहा मागवला होता, आणि नुसती चाचणी तर होती. होईल सगळं नीट. माणूस स्वतःला काय काय सांगतो!

“मग तोडतो हाक,” जावईबापू म्हणाला आणि दोघींमधली वायर त्याने उपसली.

पडद्यावर दोन दिवे होते. थोरलीचा हिरवा, धाकटीचा पिवळा. चाचणी यशस्वी झाली तर एकच हिरवा उरायला हवा होता आणि दुसरा लाल व्हायला हवा होता. धाकटीचा पिवळा दिवा लुकलुकला. तिने हाक मारली, ओ आली नाही. तिने साक्षीदाराला विचारलं, साक्षीदाराने हात वर केला. दिवा हिरवा झाला.

“शाब्बास गं पोरी!” जावईबापूने टाळी वाजवली. “आता थोरलीबाई, तुम्ही बसा गप.”

थोरली गप बसली नाही. दोन्ही दिवे हिरवे.

“पडदा अडकला वाटतं,” जावईबापू म्हणाला. त्याने पडदा पुन्हा उघडला. दोन्ही हिरवे. “थांबा, घेईल वेळ. जुनं खोड आहे.”

तो ज्याला पडद्याचा दोष समजत होता ते काय होतं, हे त्या खोलीत फक्त त्यांना ठाऊक होतं. आत्ता बोल, आत्ता, असं मन ओरडत होतं. त्यांनी खुर्ची ओढली, दुसऱ्या की-बोर्डवरून थोरलीच्या आत शिरल्या. कुणाला न कळता काढून टाकू, दिवा लाल होईल, तो म्हणेल, बघा, घेतला ना वेळ. सेटिंग सापडलं. ते पुसलं. थोरलीने विचारलं: बदल लागू होण्यासाठी मला थांबून पुन्हा सुरू व्हावं लागेल, थांबू का? ताईंचं बोट त्या बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं. थांबली आणि परत उठलीच नाही तर? वर्षभर ज्याला भीत आलो तेच आपल्या हाताने करायचं? बोट खाली जाईना.

बाहेरच्या बोळातून हसण्या-बोलण्याचा आवाज आला. काचेतून ताईंनी मान वर करून बघितलं. पिशव्या खांद्याला लावून सकाळच्या नर्सा घरी निघाल्या होत्या. दुसऱ्या बाजूने दुपारच्या येत होत्या, केस बांधत, टोपीच्या पिना दातात धरून. एक जण जाता जाता म्हणाली, “पडद्यावर आहे सगळं, बघून घे.”

ताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि असला प्रकाश वैऱ्याच्याही डोक्यात पडू नये. सकाळच्या नर्सा सकाळीच आत शिरलेल्या. त्यांचे पडदे अजून थोरलीला धरून होते. त्यांनी शेवटचं जे जे दिलं ते थोरलीला सांगितलं. दुपारच्या नर्सा नव्याने आत शिरत होत्या. त्या जाणार धाकटीकडे, कारण साक्षीदाराने आता तिलाच कारभारणी ठरवलं होतं. आणि वायर उपसल्यापासून थोरलीने धाकटीला काहीच सांगितलं नव्हतं.

आक्काच्या इंजेक्शनची हीच वेळ होती.

त्यांनी थोरलीवर आक्काचं नाव काढलं. दिलं. सकाळच्या नर्सचं नाव, आत्ता थोड्याच वेळापूर्वी. त्यांनी धाकटीवर आक्काचं नाव काढलं. तिथे लाल पट्टी: वेळ झाली, दिलेलं नाही. ताईंनी फोन उचलला, तिसरा मजला लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी घेईना. कानाला फोन आणि डोळे त्या लाल पट्टीवर. आणि त्या बघत असतानाच, त्यांच्या डोळ्यांदेखत, लाल पट्टी पुसली गेली आणि तिच्या जागी शब्द आला: दिलं.

“आई गं!” ताई किंचाळल्या.

जावईबापू दचकून उठला. “काय झालं?”

“दोघी चालू आहेत! मी काढलं नव्हतं ते. खोटं बोलले मी. खोटं बोलले रे! दोन्ही बंद कर, आत्ता, आणि माईकवर सांग, कुणालाही कसलंही औषध देऊ नका म्हणावं. पडद्यावर विश्वास ठेवू नका म्हणावं. माझ्या बहिणीला दोनदा गेलं!”

त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला, पण माणूस कामाचा. पुढचा प्रश्न न विचारता तो खाली वाकला.

लिफ्ट वर अडकली होती. ताई जिन्याने धावल्या. गुडघे त्यांचेही काही कोवळे नव्हते. पहिल्या मजल्यावर धाप लागली, दुसऱ्यावर चप्पल निसटली, ती तिथेच टाकली. डोक्यात एकच: झोपतील आणि उठायच्या नाहीत, झोपतील आणि उठायच्या नाहीत. कठड्याला धरून त्यांनी स्वतःला वर ओढलं. अर्ध्या वाटेत भिंतीवरच्या कर्ण्यातून जावईबापूचा आवाज आला, कापत असलेला: सर्व वॉर्डांनी औषधं देणं थांबवावं, पडद्यावरची माहिती चुकीची आहे, पुन्हा सांगतो, चुकीची आहे.

वॉर्डात शिरल्या तेव्हा दुपारची नर्स कर्ण्याकडे तोंड वर करून उभी होती. तिच्या हातात अजून तो ट्रे होता, रिकामी सिरिंज ठेवलेला.

“सिस्टर, आक्काला दिलंत?”

“हो, आत्ताच. उशीर झाला होता ना, पडदा लाल...” तिने ताईंचा चेहरा बघितला आणि तिचं बोलणं तुटलं.

“सकाळच्या सिस्टरनी दिलं होतं. डॉक्टरांना बोलवा!”

आक्का झोपली होती. किती शांत दिसत होती! कपाळावरची आठी गेली होती, तोंड जरासं उघडं. ताईंनी तिला हलवलं. “आक्का. आक्का, अगं आक्का!” मान सैल पडली. ओठांवर शाईसारखी निळी छटा चढत होती. एक श्वास आला, लांबलचक, घरंगळत. मग काहीच नाही. ताई वाट बघत राहिल्या. मग खूप वेळाने, नको इतक्या वेळाने, दुसरा.

लहानपणी आक्काला दम्याचा झटका आला की ताई तिच्या पाठीवर हात ठेवून बसायच्या. पाठ वर आली की जीवात जीव, खाली गेली की पुन्हा भीती. तेव्हा त्यांना वाटायचं, आपण हात काढला तर हिचा श्वास थांबेल. आताही त्यांनी हात ठेवला, पाठ खाली होती म्हणून छातीवर, आणि छाती हलेना.

वॉर्डाचे डॉक्टर धावत आले. त्यांनी आक्काच्या पापण्या उचलून बघितल्या, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवला, फुगा दाबून हवा आत ढकलायला सुरुवात केली आणि नर्सला औषधाचं नाव सांगितलं. मग ताईंकडे वळून म्हणाले, “याला उतारा आहे. पण उतारा दिला की इंजेक्शनचा सगळा गुण एकदम उतरणार. कळा परत येणार, आणि ऑपरेशन ताजं आहे. पुढे काही तास दुखण्यावर जोराचं काही देता येणार नाही. कळतंय ना?”

“कळतंय.”

“फार दुखेल त्यांना.”

“द्या,” ताई म्हणाल्या. “हात जोडते, द्या लवकर.”

उतारा हाताच्या शिरेतून आत गेला. फुगा दाबला जात होता, सुटत होता. दुपारची नर्स भिंतीला टेकून रडायला लागली होती आणि कुणी विचारत नसताना सांगत होती, “मी बघितला होता हो पडदा. बघूनच दिलं. विचारलं पण त्यांना, त्या झोपेतच हं म्हणाल्या. माझी काही... मी बघितला होता.” तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ताईंना तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मग आक्काचे डोळे उघडले. आधी कोरे, मग भानावर आलेले, आणि मग त्यांत जे आलं ते बघून ताईंना मागे सरकावंसं वाटलं. आक्काने मास्क ओढून काढला आणि ती ओरडली. सगळा वॉर्ड उठून बसला. बाईमाणूस असं ओरडताना ताईंनी कधी ऐकलं नव्हतं.

“ओरड!” ताई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि हसत होत्या. “ओरड आक्का, ओरड, माझे माये, ओरड गं!”

समोरच्या खाटेवरची बाई त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघायला लागली. आक्का ओरडत राहिली. थोड्या वेळाने ताईंचं हसू आपोआप गेलं. कारण ते ओरडणं थांबेना, आणि ते थांबवायला कुणाच्याही हातात काही नव्हतं. दर श्वासाला मोडकं हाड जणू नव्याने मोडत होतं. डॉक्टर सांगत होते, “थोडं सोसा, श्वास घेत राहा,” आणि आक्का दातओठ खाऊन चादरीचा पिळा करत होती.

मागून हळूच जावईबापू येऊन उभा राहिला. घामाने निथळत होता. त्याने ताईंना बाजूला घेतलं.

“दोन्ही बंद केल्यात. बाकी सगळे वॉर्ड खाटेखाटेवर जाऊन विचारतायत. वरच्या मजल्यावर एका आजोबांना रक्तदाबाची गोळी दोनदा गेलीय, त्यांच्याजवळ डॉक्टर बसलेत, ठीक आहेत. आणखी कुणी सापडलं नाही अजून.” मग त्याने आवाज आणखी खाली आणला. “साहेब विचारत होते. मी म्हटलं, मशीनचा दोष. जुनं मशीन आहे, ऐकलं नाही. तुमचं नाव नाही घेतलं ताई. घेणारही नाही. कुणाला कळायचं कारण नाही.”

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. चांगल्या मनाने म्हणत होता बिचारा. आणि त्यांच्या मनाने, खोटं कशाला सांगा, ती दोरी धरायला हात पुढे केला होता. मशीनचा दोष. दोन शब्द, आणि सगळ्यांची सुटका. सगळ्यांची म्हणजे त्या भिंतीला टेकलेल्या मुलीची सोडून. तिने आपल्या हाताने सुई टोचली होती, ती जन्मभर सिरिंज बघून थरथरणार होती.

“बारके!” आक्का ओरडली.

ताई खाटेपाशी गेल्या. आक्काचा चेहरा पांढराफटक पडला होता, केस कपाळाला चिकटले होते. एक कळ गेली होती, दुसरी यायची होती. त्या मधल्या वेळात तिने ताईंचं मनगट पकडलं.

“सुखाने झोपले होते गं. कुणी केलं हे मला?”

नर्सने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. “मशीनने, आजी,” जावईबापू चटकन म्हणाला. “मशीन बिघडलं होतं.”

“मशीनने नाही,” ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतका मोठा आला, त्यांना स्वतःलाही तो ओळखू आला नाही. “सिस्टरांनीही नाही. मी केलं, आक्का. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.”

आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. ताईंना वाटलं, आता ही हात झटकून टाकेल, आणि टाकलाच तर तक्रार करायला आपल्याला तोंड नाही.

“घाबरलीस,” आक्का अखेर म्हणाली. शब्द एकेक करून दातांतून बाहेर येत होते. “सकाळीच म्हटलं मी. घाबरलीस, आणि मला छे म्हणालीस.”

“हो.”

“मेली कुठली.” तिचा श्वास भरून आला, कळ येत होती, ती तिच्या डोळ्यांत आधी दिसली. “जाऊ नकोस आता. कुठे जाऊ नकोस.”

तिने मनगट आवळलं. नखं आत रुतली. आक्का पुन्हा ओरडायला लागली आणि ताई, कान झाकायला दुसरा हात मोकळा होता तरी, तो न उचलता ऐकत बसल्या.